गॅलिलिओ आणि गुरूचा धगधगता चंद्र

इटलीतील पिसा नगरात १५ फेब्रुवारी १५६४ रोजी गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म झाला. त्याने वैद्य व्हावे ही संगीतज्ञ पित्याची इच्छा. परंतु मुलाचे मन गणितात रमले. पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. तथापि स्वाध्यायाच्या बळावर १५९२ मध्ये तो पादुआ येथे गणिताचा प्राध्यापक झाला.

१६०९ साली दुर्बिणीच्या शोधाची वार्ता त्याच्या कानी आली. स्वतः भिंगे घासून त्याने अधिक समर्थ दुर्बीण सिद्ध केली. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूजवळ त्यास तीन तारका दिसल्या. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा पालटल्या होत्या. रात्रीमागून रात्री टिपणे केल्यावर त्यास उमगले की, हे गुरूभोवती फिरणारे चंद्र असून ते चार आहेत. सर्व खगोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या समजुतीस तेथे तडा गेला.

सूर्याभोवती पृथ्वी फिरते, या मताच्या पुरस्काराबद्दल १६३३ मध्ये रोम येथील धर्मन्यायालयाने त्यास दोषी ठरवून ते मत त्यागण्यास भाग पाडले. उरलेले आयुष्य त्याने स्थानबद्धतेत काढले. दृष्टीही गेली; तरी गतिशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडात प्रसिद्ध झाला. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याचे देहावसान झाले.

त्या चार चंद्रांपैकी गुरूला सर्वांत जवळचा तो आयो. गॅलिलिओस तो केवळ प्रकाशबिंदू दिसला होता. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ या यानाने तेथील जागृत ज्वालामुखी दाखविले. पुढे गॅलिलिओचेच नाव दिलेल्या यानाने १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरून त्यांचे निरीक्षण केले.

आयोचे वातावरण अतिशय विरळ असून त्यात मुख्यतः सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायू आहे. प्रत्येक वायू ठराविक लहरीच शोषतो वा बाहेर टाकतो. त्यांवरून तो दुरूनही ओळखता येतो. परंतु हा वायू थेट ज्वालामुखीतून येतो, की भूमीवरील गोठलेला थर उन्हाने उडून बनतो? आयो गुरूच्या छायेत शिरला की थंडीने वायू गोठून खाली बसतो. तरीही जो उरतो, तो बहुतांशी ज्वालामुखीतून नुकताच आलेला. चिली देशातील रेडिओ दुर्बिणींनी छायेत शिरणारा व बाहेर पडणारा आयो न्याहाळला, आणि ३० ते ५० टक्के वातावरण थेट ज्वालामुखींचे असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी मित्रहो, आजची यंत्रे फार प्रबळ आहेत; पण पालटणाऱ्या बिंदूवर नजर ठेवून जे दिसले तेच टिपण्याची शिस्त गॅलिलिओचीच आहे.