आधी केले, मग शिकविले

पेण आणि रोहे हे रायगड जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके होत. त्यांच्या अंतर्भागात डोंगरांच्या कुशीत लहान लहान खेडी वसलेली आहेत. पावसाळ्यात भाताची लावणी करावी, पुढे कापणी व झोडणी उरकावी, आणि मग हातांस काम नाही म्हणून शहराची वाट धरावी, असा तेथील अनेक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पेण तालुक्यातील अशाच गागोदे नामक खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. हेच पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने विख्यात झाले.

वडिलांच्या नोकरीमुळे विनायकाचे शिक्षण बडोद्यास झाले. बुद्धी तीव्र होती. परंतु केवळ परीक्षेसाठी केलेल्या अभ्यासात त्याचे मन रमेना. एके दिवशी त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेतच गाडी बदलून काशीस गेला, आणि तेथून त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात गांधीजींजवळ पोहोचला. आश्रमात वेदान्ताच्या अध्ययनाइतकेच महत्त्व दळण्यास, स्वयंपाकास आणि विणण्यास होते. विनोबांनी ही सारी कामे मनोभावे आत्मसात केली.

१९२१ साली गांधीजींच्या इच्छेनुसार विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची धुरा सांभाळण्यास गेले. पुढे १९३२ च्या अखेरीस त्यांनी वर्ध्याजवळील नालवाडी या दलितवस्तीच्या खेड्यात मुक्काम हलविला. गावातील लोकांच्या हाती एखादा हुन्नर यावा, त्यावर त्यांना स्वाभिमानाने जगता यावे, ही त्यांची तळमळ होती. १९३४ साली ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली. नालवाडीत कताई-विणाईबरोबर चर्मालयही चालू झाले. मृत जनावरांचे कातडे कमावणे हे काम समाज हीन मानीत असे. विनोबांच्या सहकाऱ्यांनी मात्र ते शास्त्रशुद्ध रीतीने करून त्यास उद्योगाची प्रतिष्ठा दिली.

परंतु एक प्रश्न विनोबांना स्वस्थ बसू देईना. आपण गोरगरिबांस सूत कातावयास शिकवितो. पण त्या कताईवर त्यांचे पोट भरते काय? हा प्रश्न त्यांनी कोणास विचारला नाही; त्यांनी तो स्वतःच्या देहावर सोडवावयास घेतला. १९३५ साली ते रोज आठ-नऊ तास चरख्यावर बसू लागले. चार फुटांचा एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी होते. अशा गुंड्या कातून सामान्य कातणाऱ्यास जी मजुरी मिळेल, तेवढ्यातच आपले जेवण भागवावयाचे, असा त्यांचा नेम होता. कुशल हातांनी दिवसभर राबूनही पदरी मोजकेच आणे पडत. शिकविलेला हुन्नर खरा होता. त्याचे मोल मात्र अपुरे होते. त्याच वर्षी अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यास निर्वाहापुरते वेतन देण्याचे धोरण स्वीकारले.

अतिश्रमाने विनोबांची प्रकृती ढासळली. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला, तेव्हा १९३८ साली ते धाम नदीच्या तीरावरील पवनारास राहावयास गेले.

तत्पूर्वी १९३७ साली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. विनोबा त्या समितीचे सदस्य होते. मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण द्यावे, आणि एखादा उत्पादक उद्योग त्या शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, असा त्या आराखड्याचा गाभा होता. हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये, हाच त्यामागील हेतू.

१९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानयज्ञाचा आरंभ झाला आणि विनोबा पायी देशभर हिंडले. हुन्नरी हातांस जशी साधने हवीत, तशी कष्टाळू हातांस जमीन हवी, हे त्यांनी जाणले होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

दूरच्या खेड्यातील माणसास हुन्नर शिकविणारे पुष्कळ असतात; परंतु त्या हुन्नरावर आधी स्वतः जगून पाहणारा विरळा. गागोद्याच्या या सुपुत्राने शिकविण्यापूर्वी केले, आणि शिकविल्यानंतरही स्वतःची परीक्षा घेतली. म्हणूनच आचार्य ही पदवी त्यांना सर्वार्थाने शोभून दिसते.