शेजाऱ्यांची मोट बांधणारे नाना

लोणी काळभोरजवळील थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे निवर्तले. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला आणि बारभाईंच्या कारभाराची सूत्रे नाना फडणवीसांच्या हाती आली. १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मलेले, पानिपतातून बचावलेले नाना लेखणीचे मुत्सद्दी होते.

इंग्रजांना एकट्याने रोखणे कठीण, हे ओळखून १७८० मध्ये त्यांनी म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. कालपर्यंत परस्परांशी लढणाऱ्या या शेजाऱ्यांनी चारही बाजूंनी चाल करावी, असा बेत होता. हैदरने कर्नाटकात मुसंडी मारली. मात्र गुंटूर परत मिळताच निजाम स्वस्थ बसला आणि पैसा घेऊन भोसले माघारी फिरले. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला.

पुढे १७९० मध्ये टिपूविरुद्ध खुद्द नानांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली, तर १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाशी लढाई झाली. १३ मार्च १८०० रोजी नानांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा टिपूचे राज्य लयाला गेले होते आणि निजाम इंग्रजांचा आश्रित बनला होता. १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली. सुटलेली मोट पुन्हा बांधली गेलीच नाही.