पाद्री स्टीफन्स यांचे यमकोंड

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव काढले की मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकातल्या ओव्या आठवतात. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या एका इंग्रज पाद्र्याने लिहिल्या, याचा आपल्याला कोण आनंद! मराठीचा अभिमान मिरवण्याच्या प्रत्येक समारंभात त्या हमखास ऐकू येतात. पण त्या चार ओव्यांच्या पुढे-मागे जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्या या गृहस्थांनी कशासाठी रचल्या हे आपण सहसा विचारत नाही. उत्तर अगदी सरळ आहे. पाप केलेल्या माणसाचा आत्मा मरणानंतर नरकात जातो, तिथून तो कधीच परत येत नाही, आणि हे टाळण्याची वाट एकच आहे, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. भाषेचे प्रेम खरेच होते, पण धास्ती नरकाची होती.

ही धास्ती समजून घ्यायची तर त्यांच्या जन्मभूमीकडे पाहावे लागते. स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यातला. त्या देशात तेव्हा मेलेल्या माणसांवरून जिवंत माणसांत भांडण पेटले होते. कॅथलिक शिकवण अशी की पापाचे दोन प्रकार. महापाप म्हणजे गंभीर गोष्टीत, पुरते ठाऊक असताना आणि राजीखुशीने केलेले पाप; त्याचा पश्चात्ताप न करता मेलेला माणूस नरकात जातो. लघुपापाने देवाशी असलेले नाते दुखावते, तुटत नाही. असे लहानसहान डाग घेऊन किंवा पापाची फेड पुरी न करता जो जातो, त्याला शुद्धिस्थानात काही काळ यातना भोगून निर्मळ व्हावे लागते. मागे राहिलेले लोक प्रार्थना करून, मिस्सा अर्पण करून त्याची सुटका लवकर घडवू शकतात. नरकातल्या जिवासाठी मात्र कुणीही काहीही करू शकत नाही.

इंग्लंडच्या नव्या प्रॉटेस्टंट सत्तेने या शुद्धिस्थानाची कल्पनाच मोडीत काढली. मृतांसाठी मिस्सा करण्याच्या नेमणुका आणि त्यांची इनामे १५४७मध्ये खालसा झाली. १५६३मध्ये तिथल्या चर्चने शुद्धिस्थानाची शिकवण निराधार ठरवली, आणि त्याच वर्षी ट्रेंटच्या धर्मसभेने ती खरी असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे कोवळ्या वयातल्या स्टीफन्स यांच्या देशात आपल्या मेलेल्या आजोबांसाठी काही करणे हीच गैर गोष्ट होऊन बसली होती. ते कॅथलिक राहिले. टॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राबरोबर, त्याच्या नोकराच्या वेषात, ते काही काळ देशात फिरले. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते. पाउंड पकडला गेला आणि पुढची तीसेक वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५मध्ये जेझुइट झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. त्यानंतरची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९मध्ये मरण येईपर्यंत, ते इथलेच झाले. बहुतेक काळ त्यांनी साष्टीत, म्हणजे मडगाव-राशोलच्या मुलखात काढला. लोक त्यांना पाद्री इश्तेवांव म्हणत.

ज्या मुलखात ते उतरले तिथे दर भाद्रपदात मुलगा बापाला जेवू घालत होता. हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. मेलेल्यांचे आणि जिवंतांचे नाते तुटू नये म्हणून देश सोडलेला माणूस, तेच नाते जपणाऱ्या दुसऱ्या लोकांत येऊन पडला. आणि त्यांची रीत त्याला खोटी मानावी लागली.

आमच्या शेणव्याकडे, शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, माणूस गेला की दशक्रियेला प्रवचन ठेवतात. नदीकाठी मंडळी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेली असतात आणि बुवा गरुडपुराणातल्या यमलोकाच्या गोष्टी सांगत असतात. मी लहानपणापासून ऐकलेला नरक हा असा आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक सांगितले आहेत: तामिस्र, रौरव, कुंभीपाक आणि पुढचे. वर्णने ऐकून अंगावर काटा येतो; पण ऐकणाऱ्याला आतून एक ठाऊक असते, की हे कधीतरी संपणार आहे. भोग भोगून झाला की जीव पुन्हा जन्माला येतो. आपला नरक हा मुक्काम आहे, कायमचे घर नव्हे. खरे पाहता आपल्या नरकाचे साम्य कॅथलिकांच्या नरकापेक्षा त्यांच्या शुद्धिस्थानाशी अधिक आहे.

आता स्टीफन्स यांची अडचण पाहा. न संपणारा नरक सांगायचा, आणि भाषेतला प्रत्येक शब्द संपणाऱ्या नरकाचा! त्यांनी लोकांच्या तोंडातला 'यमकोंड' हा शब्द घेतला. स्वर्गासाठी तर थेट 'वैकुंठ' म्हटले. यमकोंड म्हटले की यम आलाच, आणि आपला यम हा धर्मराज, न्याय करणारा. कॅथलिकांचा सैतान न्याय करत नाही, तो स्वतःच शिक्षा भोगणारा बंडखोर दूत आहे. त्या सैतानासाठी गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत 'देवचार' हा शब्द रुळला. हिंदू गोवेकराचा देवचार मात्र गावाची राखण करणारा, रात्री वाटसरूला घरापर्यंत सोबत करणारा. एकाच वाड्यावर दोन घरांत एकच शब्द, एकाला आधार आणि दुसऱ्याला भय. यमकोंड हा शब्द आजही कोकणी ख्रिस्ती घरांत नरकासाठी वापरला जातो.

या शब्दखेळाखाली जे घडत होते ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साष्टीतली देवळे १५६७मध्ये पाडली गेली होती. गोव्यात धर्मन्यायालय १५६०पासून होते. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यात रुदोल्फ अक्वाविवा हे अकबराच्या दरबारी राहून आलेले धर्मगुरूही होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची कत्तल केली. त्या पाच जेझुइटांचे देह मिळवून राशोलला त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स होते. त्या काळच्या शिकवणीप्रमाणे ते पाच जण हुतात्मे म्हणून सरळ स्वर्गात गेले, आणि असोळण्याला मेलेले बाप्तिस्मा न घेताच गेले म्हणून त्यांच्यासाठी कसलीच आशा उरली नव्हती. असा हिशेब मांडणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने आपला लाडका कवी जगला, हे मला ओव्या वाचताना विसरता येत नाही. आणि विसरावे असेही वाटत नाही.

पण त्यांची स्वतःची रीत तलवारीची नव्हती. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणे हिरावून घेतली गेली होती. संध्याकाळी देवळात बसून ऐकायचे काय, हा प्रश्न होता. मग स्टीफन्स यांनी त्यांना नवे पुराण दिले. ग्रंथाची बैठकही पुराणाचीच: पाद्री सांगतो आहे, श्रोता शंका विचारतो आहे. एकनाथ पैठणला हयात असतानाच्या काळात हा इंग्रज मराठी शिकला, आणि त्याने ओवी निवडली. १६०८मध्ये त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून देशी लिपीचे ठसे पाडण्याची परवानगी मागितली होती. अक्षरे सहाशेच्या घरात असली तरी दोनशे ठशांत काम भागेल, असा त्यांचा अंदाज होता. ते जमले नाही. १६१६मध्ये ग्रंथ राशोलला रोमी लिपीत छापला गेला. १६२२मध्ये त्यांची प्रश्नोत्तररूपी 'दौत्रिना' आणि १६४०मध्ये कोकणीचे व्याकरण निघाले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या पश्चात छापली गेली.

पहिल्या पुराणात लुसिफेराचे बंड, आदाम-एवेचे पाप आणि त्यानंतरची थेट प्रलयापर्यंतची व पुढची कथा आहे. मूळ पाप ही कल्पना आपल्या श्रोत्याला नवी. आपण ज्याचे त्याचे कर्म मानतो. इथे एका जोडप्याची चूक साऱ्या वंशाला भोवते. पण दुसऱ्या पुराणात जी एक कथा येते ती मला सगळ्यांत जवळची वाटते. क्रुसावर प्राण गेल्यानंतर ख्रिस्त पाताळात उतरतो. शापितांच्या नरकात नव्हे, तर ख्रिस्तजन्माच्या आधी होऊन गेलेले भले लोक जिथे वाट पाहत थांबले होते त्या 'लिंबो' नावाच्या ठिकाणी. आदामापासूनच्या त्या सगळ्या पूर्वजांना तो बाहेर काढतो. साष्टीतल्या श्रोत्याच्या मनात त्या वेळी काय आले असेल? त्याचाही आजा ख्रिस्ताचे नाव न ऐकता गेलेला, आणि कदाचित भला माणूस. त्याची वाट कुठली?

हा प्रश्न नुसता माझ्या कल्पनेतला नाही. स्टीफन्स यांच्या आधी तीस वर्षे फ्रान्सिस झेवियर यांना जपानमध्ये तो विचारला गेला होता. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या मेलेल्या आईबापांना नरकातून सोडवायचे होते. त्यासाठी काहीच करता येत नाही असे झेवियर यांनी सांगितल्यावर ती माणसे रडली, आणि त्यांना रडताना पाहून झेवियर यांनाही वाईट वाटले, असे त्यांनी १५५२मध्ये पत्रात कळवले आहे. उत्तर मात्र त्यांनी बदलले नाही.

उत्तर बदलायला चारशे वर्षे लागली. १९६४मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे देवाला मनापासून शोधतात आणि सद्सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. १९९९मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक म्हणजे एखादी जागा नसून देवापासून आपणहून कायमचे तुटलेल्या आत्म्याची अवस्था, असा अर्थ सांगितला. बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांसाठी सांगितले जाणारे लिंबो तर २००७मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानेच सैल केले. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असे त्याने म्हटले. नरक कायमचा आहे ही शिकवण तेवढी तशीच आहे.

ख्रिस्तपुराणाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १६४९ आणि १६५४मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडावी असे फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, आणि गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे, ज्यांनी तो उपवासकाळात गाऊन जपला. १९०७मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो छापला. शांताराम बंडेलू यांची देवनागरी प्रत १९५६मध्ये पुण्याहून निघाली, तेव्हा ग्रंथाला तीनशे चाळीस वर्षे झाली होती.

वसईच्या आणि गोव्याच्या दफनभूमींत दर २ नोव्हेंबरला कबरी झाडून, फुले वाहून मेणबत्त्या लावतात. आपली माणसे शुद्धिस्थानात असतील तर लवकर सुटावीत, म्हणून त्या दिवशी मिस्सा होते. पितृपक्ष तेव्हा नुकताच महिना-दीड महिन्यामागे होऊन गेलेला असतो.