चहाची शेती केली म्हणून हुकूमशहानं या शास्त्रज्ञाला 9 वर्षं अडकवून ठेवलं होतं

2022 चा फुटबॉल वर्ल्ड कप आठवतोय? मेस्सीची टीम कतारला गेली तेव्हा एक बातमी जगभर फिरली होती. अर्जेंटिनाच्या सामानात सुमारे 500 किलो वाळलेला पाला होता. बसमधून उतरताना मेस्सीच्या हातात जो छोटा गोल पेला आणि त्यात खोचलेली धातूची नळी दिसते, त्यातच हा पाला असतो. त्याचं नाव यर्बा माते.

अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग इथल्या लोकांची सकाळ याच्याशिवाय उजाडत नाही. आपल्याकडं चहाचं जे स्थान, तेच तिकडं मातेचं. पण हे आपल्या चहाचं झाड नाही. चहाशी त्याचं नातंही नाही. आयलेक्स नावाच्या कुळातलं हे जंगली झाड आहे.

आज याची शिस्तीत लावलेली शेती मैलोनमैल दिसते. पण 200 वर्षांपूर्वी ही शेती पुन्हा उभी करायला एक माणूस गेला आणि त्याची किंमत म्हणून आयुष्यातली 9 वर्षं गमावून बसला. त्याचं नाव एमे बोंप्लां.

हा बोंप्लां कोण?

फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावात 1773 मध्ये त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर. त्यानंही पॅरिसला जाऊन डॉक्टरकी शिकली, पण जीव मात्र झाडापाल्यात अडकलेला.

1798 मध्ये पॅरिसमध्ये त्याची गाठ एका श्रीमंत जर्मन तरुणाशी पडली. हा तरुण म्हणजे अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट. दोघांचं सूत जुळलं आणि 1799 च्या जूनमध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून दोघं दक्षिण अमेरिकेला निघाले.

पुढची 5 वर्षं ते फिरत होते. ओरिनोको नदीतून होड्या वल्हवत गेले. 1802 मध्ये इक्वाडोरमधल्या चिंबोरासो डोंगरावर चढले. शिखर गाठता आलं नाही, पण ज्या उंचीपर्यंत ते पोचले तिथपर्यंत युरोपातला कुणी चढल्याची तोवर नोंद नव्हती. 1804 मध्ये परतले तेव्हा त्यांच्याकडं सुमारे 6 हजार प्रकारच्या वनस्पतींचे नमुने होते. गोळा करणं, दाबून वाळवणं, वर्णन लिहून ठेवणं यातलं बहुतेक काम बोंप्लांनं केलेलं.

नाव मात्र हम्बोल्टचं झालं. यात हम्बोल्टचा दोष नव्हता. पुस्तकांवर त्यानं मित्राचं नाव आवर्जून घातलं. पण बोंप्लांला टेबलाशी बसून लिहिणं जमायचंच नाही. त्याच्या वाट्याचं लिखाण इतकं रखडलं की शेवटी ते काम कुंथ नावाच्या दुसऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडं सोपवावं लागलं.

दरम्यान नेपोलियननं त्याला पेन्शन दिली होती. नेपोलियनची बायको जोसेफिन हिला बागेचं भारी वेड. पॅरिसजवळच्या मालमेझाँ इथली तिची बाग बोंप्लां सांभाळू लागला. लांबच्या देशांतली झाडं फ्रान्सच्या थंडीत जगवायची हे त्याचं काम. पण 1814 मध्ये जोसेफिन वारली. नेपोलियनचंही राज्य गेलं. बोंप्लांचं पॅरिसमध्ये मन लागेना.

1816 च्या अखेरीस तो बायको आणि सावत्र मुलीला घेऊन जहाजात बसला. सोबत युरोपातल्या झाडांची रोपं आणि बिया होत्या. मुक्काम ठरला होता ब्यूनोस आयर्स.

आणि मग त्याला माते भेटलं

ब्यूनोस आयर्समध्ये घरोघरी माते प्यायलं जात होतं. पण हा पाला यायचा शेकडो मैल लांबून, पॅराग्वे आणि आसपासच्या जंगलांतून. त्याची शेती म्हणून कुणी करत नव्हतं.

तसं पूर्वी ती होती. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी पाराना नदीच्या दोन्ही तीरांवर गुआरानी आदिवासींच्या वसाहती वसवल्या होत्या. तिथं मातेच्या बागा होत्या. मातेचं ज्ञान मुळात गुआरानींचं, पण रोपं तयार करून बागा उभ्या करण्याचं तंत्र या वसाहतींत बसलं होतं. 1767 मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकललं. वसाहती उजाड झाल्या, बागांत रान माजलं आणि तंत्रही हरवत गेलं.

यात अडचण झाडाचीच आहे. मातेची बी सहजासहजी रुजत नाही. झाडावरून पडते तेव्हा तिच्या आतला गर्भ पुरता वाढलेलाच नसतो, त्यामुळं कोंब यायला कित्येक महिने लागतात. त्यातल्याही बऱ्याच बिया फुकट जातात. जंगलात पक्षी फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया पसरतात. माणसानं नुसतं बी पेरलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

मालमेझाँच्या बागेत वर्षं घालवलेल्या माणसाला असं कोडं मिळाल्यावर तो कशाला सोडतोय? शिवाय हिशोबही सरळ होता. ज्याला हे झाड शेतात लावता येईल, त्याला जंगलात भटकायची गरज उरणार नाही.

कोणता पाला चांगला?

त्या काळी मातेच्या तीन प्रती सांगितल्या जायच्या. नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या कळ्यांपासून केलेला तो का-कुय. पानाच्या मधली शीर काढून टाकून केलेला तो का-मिरी, ही जेझुइटांची पद्धत. आणि पानं, देठ, बारीक काटक्या असं सगळं भाजून कुटलेला तो का-ग्वासू. गुआरानी भाषेत का म्हणजे झाडपाला, आणि हा तर त्यांचा सगळ्यात लाडका पाला.

करण्याची रीत साधारण अशी. फांद्या तोडायच्या, लगेच जाळावरून फिरवायच्या म्हणजे पान काळं पडत नाही. मग मांडवासारख्या चौकटीवर पसरून खालून धग द्यायची आणि शेवटी कुटायचं. चवीचा सगळा फरक इथंच पडतो. धूर किती लागला, काटक्या किती राहिल्या, कुटल्यावर पाला किती दिवस मुरला.

हा फरक आजही चवीत कळतो. अर्जेंटिनात पाला बरेच महिने मुरवतात आणि त्यात काटक्या ठेवतात, त्यामुळं कडूपणा मवाळ होतो. उरुग्वेला बिनकाटकीचा, बारीक आणि कडक पाला लागतो. दक्षिण ब्राझीलमध्ये ताजा, हिरवागार, पिठासारखा पाला पितात, त्याला शिमारांव म्हणतात आणि त्याची चव ओल्या गवताच्या जवळ जाते. पॅराग्वेच्या उन्हाळ्यात तोच पाला बर्फाच्या पाण्यात घालून पितात, त्याचं नाव तेरेरे. गरम प्यायचं असेल तरी उकळतं पाणी चालत नाही. 70 ते 80 अंशांच्या पुढं गेलात की पाला करपल्यासारखा लागतो.

नदीपलीकडचा हुकूमशहा

1820 मध्ये बोंप्लां उत्तरेला निघाला आणि पाराना नदीच्या पूर्व तीरावर, सांता आना या जेझुइटांच्या पडक्या वसाहतीत येऊन थांबला. तिथल्या गुआरानींना सोबत घेतलं. एन्त्रे रिओसचा लष्करी पुढारी फ्रान्सिस्को रामिरेस याचा त्याला पाठिंबा होता. जुनी झाडं मोकळी केली, पाला तयार करायला सुरुवात केली. वसाहत पुन्हा धूर टाकू लागली.

आणि हा धूर नदीपलीकडून दिसत होता.

पलीकडं होता पॅराग्वे. तिथं खोसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया या माणसाची सत्ता होती. 1816 पासून तो देशाचा तहहयात हुकूमशहा होता. त्यानं पॅराग्वेची दारं बाहेरच्या जगाला जवळपास बंद केली होती. परदेशी माणूस आत आला तर बाहेर पडणं त्याच्या मर्जीवर.

फ्रान्सियाच्या बाजूनं पाहिलं तर त्याला बोंप्लां आवडायचं काही कारणच नव्हतं. एक म्हणजे माते हा पॅराग्वेचा हुकमी माल. तो दुसरीकडं शेतात पिकू लागला तर देशाचं काय? दुसरं म्हणजे सांता आनाच्या त्या मुलखावर पॅराग्वेचा दावा होता. तिसरं म्हणजे रामिरेस हा फ्रान्सियाचा वैरी. त्याच्या आशीर्वादानं आलेला परदेशी शास्त्रज्ञ हा हेर नाही कशावरून?

8 डिसेंबर 1821 ला फ्रान्सियाचे शेकडो सैनिक नदी ओलांडून आले. वसाहत जाळली. कित्येक गुआरानी कामकरी मारले गेले, बाकीच्यांना धरून नेलं. या सगळ्यात सगळ्यात मोठी किंमत त्यांनीच मोजली आणि त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. बोंप्लांच्या डोक्यावर तलवारीचा वार झाला. तशा अवस्थेतही त्यानं जखमी सैनिकांवर उपचार केले असं सांगतात. मग त्याला बेड्या घालून पॅराग्वेत नेलं.

कैद, पण तुरुंग नाही

फ्रान्सियानं त्याला कोठडीत टाकलं नाही. सांता मारिया या गावाजवळ ठेवलं आणि परिसर सोडून जायचं नाही असं बजावलं. तेव्हा बोंप्लां 48 वर्षांचा होता.

त्यानं काय केलं असेल? शेती केली. कापूस, ऊस लावला, दारू गाळली, सुतारकामाचा कारखाना काढला. आजूबाजूच्या लोकांवर फुकट उपचार केले. थोड्याच वर्षांत या कैद्याच्या शेतावर माणसं कामाला होती.

बाहेर त्याच्या सुटकेसाठी जग हलत होतं. हम्बोल्टनं ओळखीच्या सगळ्यांना कामाला लावलं. सिमोन बोलिव्हार पॅरिसमध्ये बोंप्लांला भेटलेला होता, त्यानं फ्रान्सियाला पत्र पाठवलं. ब्यूनोस आयर्समधले इंग्रज वकील वूडबाइन पॅरिश यांनी शब्द टाकून पाहिला. फ्रान्समधून ग्रांसीर नावाचा माणूस रदबदलीसाठी आला. फ्रान्सिया कुणालाच बधला नाही.

याच काळात एक गोष्ट घडली. 1822 मध्ये ऑग्युस्त द सेंट-इलेर या दुसऱ्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं ब्राझीलमध्ये पाहिलेल्या मातेच्या झाडाचं शास्त्रीय नाव जाहीर केलं, आयलेक्स पॅराग्वारिएन्सिस. आजही तेच नाव चालतं. ज्या झाडापायी बोंप्लां कैदेत होता, त्याचं बारसं बाहेर दुसऱ्यानंच केलं.

1829 च्या मे महिन्यात हुकूम आला, निघा. कारण सांगितलं नाही. पण सरहद्दीवरच्या इतापुआमध्ये त्याला पुन्हा अडवलं आणि आणखी दीड वर्षाहून जास्त ताटकळत ठेवलं. अखेर फेब्रुवारी 1831 मध्ये तो नदी ओलांडून बाहेर पडला. वय 57. फ्रान्समधून सोबत आलेली बायको केव्हाच निघून गेली होती. सांता मारियात नव्यानं मांडलेला संसार आता मागं सोडावा लागला.

घरी का गेला नाही?

सगळ्यांना वाटलं आता हा पॅरिस गाठणार. हम्बोल्ट वाट पाहत होता. बोंप्लां मात्र नदीपासून फार लांब गेलाच नाही. ब्राझीलच्या हद्दीतल्या साओ बोर्जा गावात त्यानं घर केलं. पुढं उरुग्वे नदीच्या काठी, कोरिएन्तेस प्रांतात जमीन घेऊन मेंढ्या पाळल्या, संत्री लावली. तिथल्या लढायांच्या धामधुमीत 1839 मध्ये त्याची जनावरं गेली. तो पुन्हा उभा राहिला.

आणि माते? तेही सोडलं नाही. दक्षिण ब्राझीलच्या जंगलात फिरून त्यानं मातेसारख्या दिसणाऱ्या झाडांची तुलना केली. तिथं एकाच कुळातली बरीच झाडं एकमेकांशेजारी वाढतात. काहींचा पाला चांगला, काहींचा इतका कडू की लोक त्याला काउना म्हणून वेगळा ओळखायचे. पण पोतं भरायचं म्हणून तोही मिसळला जायचा. बोंप्लांचं म्हणणं सरळ होतं. आधी झाड ओळखा, मग पाला तोडा, आणि जंगल ओरबाडण्यापेक्षा बागा लावा. कोरिएन्तेसचा गव्हर्नर हुआन पुहोल यालाही तो हेच कळवत राहिला.

यातल्या एका झाडाला त्यानं हम्बोल्टचं नाव दिलं. 1861 मध्ये इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन मायर्स यांनी मातेच्या झाडांवर लेख लिहिला, तेव्हा बोंप्लांनं दिलेली नावं त्यात छापून आली.

पण ते पाहायला तो नव्हता. 1854 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी त्याला कोरिएन्तेसच्या संग्रहालयाचा प्रमुख नेमलं होतं. 1858 च्या मे महिन्यात तो सांता आना नावाच्याच आपल्या शेतावर वारला. पुढच्याच वर्षी हम्बोल्टही गेला. 1804 नंतर एकानं जगभर कीर्ती मिळवली, दुसऱ्यानं एका नदीच्या दोन काठांवर आयुष्य काढलं.

बी रुजवण्याचं कोडं त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुटलं. 19 व्या शतकाच्या अखेरीस ब्यूनोस आयर्सच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख कार्लोस थेस यांनी बिया गरम पाण्यात बराच वेळ भिजवून रोपं तयार केली. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला मिसिओनेसमध्ये मोठ्या बागा उभ्या राहू लागल्या. आज जगात सगळ्यात जास्त यर्बा माते अर्जेंटिनात पिकतं, आणि ते मुख्यतः मिसिओनेस आणि कोरिएन्तेस या दोन प्रांतांत. बोंप्लांची जळालेली वसाहत याच मिसिओनेसमध्ये होती, आणि आज या दोन्ही प्रांतांत बोंप्लां नावाचं एकेक गाव आहे.