हेन्लीचे दार बंद झालेला विजेता

इंग्लंडमधील हेन्ली येथे होणाऱ्या नौकानयन स्पर्धेतील 'डायमंड स्कल्स' हा एकेरीचा किताब एकेकाळी ऑलिंपिक पदकाच्या तोलाचा मानला जाई. १९२० साली त्यासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जॉन बी. केली यांनी केलेला अर्ज आयोजकांनी फेटाळला. त्यांच्या व्हेस्पर क्लबला तेथे आधीपासूनच मज्जाव होता, हे एक कारण. दुसरे अधिक बोचरे होते. अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हेन्लीच्या नियमांत 'हौशी' खेळाडू ठरत नसे आणि केली यांनी गवंडीकाम केले होते.

१८८९ मध्ये आयरिश स्थलांतरितांच्या घरी जन्मलेले केली दहा भावंडांपैकी एक. विटा रचता रचताच ते स्कूलकिल नदीत वल्ही मारू लागले. मेहनतीने कमावलेल्या शरीराचा श्रमिकांना गैरवाजवी लाभ मिळतो, असे या नियमाचे समर्थन केले जाई. दिवसभर विटा वाहून मग सरावाला उतरणे, याला लाभ कसे म्हणावे?

त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या शर्यती ब्रसेल्सजवळच्या कालव्यात झाल्या. एकेरीच्या अंतिम फेरीत केली यांच्यासमोर होते ब्रिटनचे जॅक बेरेसफर्ड. त्या वर्षीचे 'डायमंड स्कल्स'चे विजेते. अटीतटीच्या शर्यतीत केली अवघ्या एका सेकंदाने जिंकले. त्यानंतर जेमतेम अर्ध्या तासाने चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो यांच्यासह ते पुन्हा पाण्यात उतरले आणि दुहेरीचे सुवर्णही त्यांनी पटकावले. १९२४ मध्ये पॅरिसला याच जोडीने दुहेरीचे विजेतेपद राखले. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे ते पहिले नौकानयनपटू.

पुढे त्यांच्या बांधकाम व्यवसायाने त्यांना लक्षाधीश केले. १९३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महापौरपदाची निवडणूक मात्र ते हरले.

हेन्लीचा सल त्यांच्या मनातून गेला नाही. १९३७ मध्ये श्रमिकांना वगळणारा नियम रद्द झाला, तेव्हा केली यांची स्पर्धेची वर्षे सरली होती. त्यांनी मुलाला, धाकट्या जॉनला, लहानपणापासून घडविले आणि १९४७ मध्ये त्याने 'डायमंड स्कल्स' जिंकला. दोन वर्षांनी पुन्हा जिंकला. कन्या ग्रेस हॉलिवूडची तारका झाली आणि १९५६ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राशी विवाहबद्ध झाली. आज अनेकांना केली ठाऊक असतात ते ग्रेसचे वडील म्हणून.

१९६० मध्ये त्यांचे निधन झाले. स्कूलकिलच्या काठी, शर्यतीच्या नावेत वल्ही धरून बसलेला त्यांचा पुतळा आहे. शेजारच्या रस्त्यालाही केली हेच नाव आहे. पण ते धाकट्या जॉनच्या स्मरणार्थ.