पॅट्रिक गेडिस आणि इंदूरची दिवाळी

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळचे सियागंज ही किराणा मालाची घाऊक पेठ. अशा पेठांत गोण्यांमागोमाग उंदीर येत आणि उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग पसरे. होळकरांच्या या राजधानीलाही त्या साथीने ग्रासले होते. नगररचनेसाठी दरबाराने पाचारण केले ते पॅट्रिक गेडिस यांना.

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिनबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहावयास गेले. भिंती धुणे, रंग देणे, खिडकीत झाडे लावणे हीच त्यांची पहिली नगररचना. पुढे नाव गेडिसांचे झाले. संसाराचा आणि उपक्रमांचा भार ॲना वाहत राहिल्या. पतीच्या साहाय्यासाठी त्या हिंदुस्थानातही आल्या. १९१७ मध्ये थोरला मुलगा फ्रान्समधील रणांगणावर पडला, तेव्हा ॲना तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिसांनी ती वार्ता त्यांना कळू दिली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

अशा दुःखात गेडिस इंदुरात काम करीत होते. घरे पाडणारा साहेब आला म्हणून लोक त्यांना पाहून बिचकत. गेडिसांनी महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीच्या मिरवणुकीची घोषणा केली. मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जिथली अधिकाधिक घरे झाडून-सारवून लख्ख असतील, त्या रस्त्यांवरून जाणार होती.

एरवी दिवाळीपूर्वीची साफसफाई घरातल्या बायकाच करतात. आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्याही त्याच. आता त्यांच्या कोनाड्यांवर, माळ्यांवर, उंदरांच्या बिळांवर साऱ्या नगराची भिस्त होती. हजारो गाड्या कचरा बाहेर पडला. तो विनामूल्य उचलला गेला. गाड्यांचा खर्च सरकारने सोसला, घरातल्या हातांना मात्र मजुरी नव्हती. गेडिसांनी गृहिणींच्या कामाला सार्वजनिक मान दिला, हे खरे. पण बिनखर्चाची आरोग्ययंत्रणा दरबाराला आयतीच मिळाली, हेही तितकेच खरे.

मिरवणुकीत हत्ती-उंट होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता. शुभ्र वस्त्रे नेसलेले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालले होते. घरोघरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटली गेली. त्यांना पाणी घालण्याचे काम कोणाकडे गेले असेल, हे सांगावयास नको. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. गोमंतकातील वाचकाला इथे पहाटेचा नरकासुर आठवेल. त्यानंतर साथ ओसरली. तिचा हंगामही तेव्हा सरत आला होता, हे गेडिसांनी नाकारले नाही.

इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३२ मध्ये फ्रान्समधील मोंपेलिये येथे त्यांचे निधन झाले.