ऑस्कर बारनॅक : डोंगरात ओझं झेपेना, म्हणून कॅमेराच लहान केला



मुलांना घेऊन डोंगरावर, गडावर निघालो की सॅक भरताना एक प्रश्न हमखास पडतो. कॅमेरा कोणता घ्यायचा? चांगला घ्यावा तर जड, आणि हलका घ्यावा तर फोटो बरे येतील का, ही शंका. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका मेकॅनिकला हाच प्रश्न पडला होता. त्यांनी शोधलेल्या उत्तराने फोटोग्राफीचं रूपच बदललं. त्यांचं नाव ऑस्कर बारनॅक. लायका कॅमेऱ्याचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

जन्म आणि शिक्षण

ऑस्कर बारनॅक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी झाला. बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांडेनबुर्ग भागात लिनो नावाचं खेडं आहे, ते त्यांचं जन्मगाव. पुढे कुटुंब बर्लिनजवळ राहायला आलं. कॉलेज, पदवी असं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते उमेदवारी करू लागले आणि तिथेच बारीक, अचूक काम शिकले. त्यानंतर त्या काळच्या जर्मन कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे वेगवेगळ्या गावी काम करत अनुभव घेतला. १९०२ मध्ये येना शहरातल्या प्रसिद्ध झाइस कंपनीत त्यांना नोकरी लागली.

छंद आणि अडचण

बारनॅक यांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक म्हणजे डोंगर-जंगलात पायी भटकणं, आणि दुसरं फोटो काढणं. येनाजवळच थुरिंगियाचं जंगल आहे. सुट्टी मिळाली की ते तिकडे निघत.

पण तेव्हाचा कॅमेरा कसा होता ते बघा. बारनॅक यांच्या कॅमेऱ्यात १३ × १८ सेंटीमीटरची काचेची प्लेट लागायची. एका प्लेटवर एकच फोटो. प्लेटा ठेवायला सहा दुहेरी चौकटी, म्हणजे सगळे मिळून १२ फोटो. शिवाय कॅमेऱ्याची मोठी चामड्याची पेटी आणि लाकडी तिवई. हे सगळं पाठीवर घेऊन चढ चढायचा! त्यात काच फुटायची भीती वेगळीच.

आणि बारनॅक यांना दम्याचा त्रास होता. धडधाकट माणसालाही जे ओझं जड जाईल ते घेऊन ते कसे चढत असतील, कल्पना करा. अशा वेळी आपण सहसा दोनपैकी एक करतो. कॅमेरा घरी ठेवतो, नाहीतर भटकंती सोडून देतो. बारनॅक यांना दोन्ही हवं होतं. म्हणून त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. ओझं कसं वाहू, याऐवजी चांगल्या फोटोला एवढी मोठी प्लेट लागतेच का, असा.

पहिला प्रयत्न फसला

त्या काळी जेवढी प्लेट तेवढाच फोटो छापायची पद्धत होती. मोठा फोटो हवा तर मोठी प्लेट, आणि मोठी प्लेट म्हणजे मोठा कॅमेरा. बारनॅक यांच्या मनात उलटा विचार आला. निगेटिव्ह लहान घ्यावी आणि नंतर घरी ती मोठी करून छापावी. १९०५ च्या सुमारास त्यांनी एकाच १३ × १८ च्या प्लेटवर १५-२० छोटे फोटो घेऊन पाहिले. पण जमलं नाही. प्लेटवरचे कण इतके जाड होते की फोटो मोठा केला की खरखरीत दिसायचा.

कल्पना बरोबर होती, पण तिला साजेसं साहित्य हाताशी नव्हतं. मग ती काही वर्षं तशीच मनात राहिली.

सिनेमाची फिल्म मदतीला आली

२ जानेवारी १९११ पासून बारनॅक वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत प्रयोग विभागाचे प्रमुख म्हणून काम करू लागले. ही कंपनी सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी नावाजलेली होती. तिथे सिनेमाच्या कॅमेऱ्यावर काम करताना त्यांच्या हाती ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आली. हलकी, न फुटणारी, गुंडाळून खिशात मावणारी, आणि तिच्यावरचे कणही बारीक!

सिनेमाच्या एका चित्राचा आकार होता १८ × २४ मिलिमीटर. बारनॅक यांनी फिल्म आडवी सरकवली आणि तो आकार दुप्पट केला, २४ × ३६ मिलिमीटर. १९१३-१४ मध्ये त्यांनी धातूचा छोटा कॅमेरा तयार केला. आज तो 'उर-लायका', म्हणजे आद्य लायका या नावाने ओळखला जातो. त्यात एक सुंदर सोय होती. फिल्म पुढे सरकवली की शटरही आपोआप सज्ज व्हायचं. त्यामुळे चुकून एकावर एक दोन फोटो निघायची भीती गेली.

१९१४ मध्ये कंपनीच्या मालकांचे चिरंजीव अर्न्स्ट लाइट्झ (दुसरे) असा एक नमुना कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कला जाऊन आले. पण त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पुढचं काम थांबलं. बारनॅक मात्र आपला छोटा कॅमेरा वापरत राहिले. १९२० मध्ये लान नदीला पूर आला तेव्हा वेट्झलरच्या रस्त्यांवर शिरलेल्या पाण्याचे फोटो त्यांनी याच कॅमेऱ्याने टिपले. मोठा कॅमेरा आणि तिवई घेऊन पुराच्या पाण्यात ते काम किती अवघड झालं असतं!

धोक्याचा निर्णय

युद्धानंतर जर्मनीची परिस्थिती वाईट होती. १९२३ मध्ये महागाई तर कल्पनेपलीकडे गेली. त्या सुमारास कंपनीने वीस-पंचवीस कॅमेरे चाचणीसाठी बनवून जाणकारांना वापरायला दिले. मतं संमिश्र आली. टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हमधून गंभीर फोटोग्राफी होईल का, यावर अनेकांचा विश्वास बसेना. काही त्रुटीही होत्या. या नमुन्यांत फिल्म सरकवताना लेन्सवर झाकण लावावं लागायचं, नाहीतर फिल्मवर प्रकाश पडायचा. ही त्रुटी पुढे दूर केली गेली.

आता विचार करा. सूक्ष्मदर्शकाची कंपनी, कॅमेऱ्याचा अनुभव नाही, देश डबघाईला आलेला. नवा माल खपला नाही तर कंपनी अडचणीत, आणि काही नवं केलं नाही तर कामगारांच्या हाताला काम नाही. जून १९२४ मध्ये बैठक झाली. बराच खल झाल्यावर अर्न्स्ट लाइट्झ यांनी धोका पत्करायचं ठरवलं.

१९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. 'लाइट्झ' आणि 'कॅमेरा' या शब्दांवरून हे नाव पडलं. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स माक्स बेरेक यांनी तयार केली होती. निगेटिव्ह लहान, म्हणून लेन्स अतिशय तीक्ष्ण असणं गरजेचं होतं. बारनॅक यांच्या यशात बेरेक यांचा वाटा मोठा आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. एकट्याने काही होत नाही.

पुढे १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा आणि १९३२ मध्ये अचूक फोकस करता येणारा लायका आला. फोटोग्राफर आता रस्त्यावर, गर्दीत, डोंगरात कुठेही सहज जाऊ लागले. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम इथे बारनॅक यांचं निधन झालं. वय अवघं ५६. त्यांच्या स्मरणार्थ १९७९ पासून फोटोग्राफीचा पुरस्कार दिला जातो. त्यांनी स्वतः वापरलेला एक चाचणी कॅमेरा २०२२ मध्ये लिलावात १ कोटी ४४ लाख युरोला विकला गेला. आणि आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात 'फुल फ्रेम' म्हणतात ना, तो आकार बारनॅक यांचाच, २४ × ३६ मिलिमीटर!

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१) मुलांना कागदावर १३ × १८ सेंटीमीटरचा आयत काढायला सांगा आणि त्यात २.४ × ३.६ सेंटीमीटरचा छोटा आयत. दोघांचं क्षेत्रफळ काढू द्या. २३४ आणि ८.६४ चौरस सेंटीमीटर. मोठा आयत छोट्याच्या सुमारे २७ पट! ओझं का कमी झालं, हे मुलांना चटकन कळेल.

२) पुढच्या ट्रेकआधी सॅकमधली प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा. कॅमेरा, जादा लेन्स, ट्रायपॉड, चार्जर. प्रत्येकासमोर ती नेमकी कशासाठी लागणार ते लिहा. ज्या वस्तूसमोर 'लागलंच तर' असं येईल ती घरी ठेवा. पाणी आणि खाऊ मात्र कमी करायचा नाही हं!

३) एक छोटा कॅमेरा आणि एकच लेन्स, किंवा नुसता मोबाईल, एवढ्यावर दिवस काढून पाहा. झूम नसेल तर मुलं दोन पावलं पुढे जातील, खाली बसतील, नीट बघतील.

आपल्या वर्गातही एखादं मूल असतं, ज्याला पळताना दम लागतो, जे सहलीत मागे राहतं. त्याला बारनॅक यांची गोष्ट जरूर सांगा. दम्याने त्यांना थांबवलं नाही. आपल्याला काय झेपतं हे ओळखून त्यांनी साधन बदललं, आणि त्याचा फायदा पुढे साऱ्या जगाला झाला.